पाण्यावरचा स्की-रॅम्प कसा बांधायचा: उतार, वळण, ओल आणि हवा

फ्रीस्टाइल स्कीइंगमधली नवी उडी थेट बर्फावर शिकायला गेलं, तर चुकीची किंमत गुडघे आणि मान मोजतात. म्हणून एरियल्स (हवेत कोलांट्या मारण्याचा प्रकार) आणि मोगल्सचे (उंचवट्यांच्या उतारावरून उड्या घेत उतरण्याचा प्रकार) खेळाडू उडी आधी ट्रॅम्पोलिनवर बसवतात, मग पाण्यावर, आणि सगळ्यात शेवटी बर्फावर. अमेरिकेत पार्क सिटी आणि लेक प्लॅसिड, स्वित्झर्लंडमध्ये मेटमेनश्टेटन, ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन अशा ठिकाणी याच कामासाठी रॅम्प उभे आहेत. त्यातलं ब्रिस्बेन बिनबर्फाचं शहर आहे. या बांधकामाला बर्फ लागतच नाही. लागतो तो उतार, पाणी आणि पडणं मऊ व्हावं म्हणून पाण्यात सोडायची दाबाखालची हवा.

इथे दिलेली मापं एका पट्ट्याच्या, क्लबला झेपेल अशा रॅम्पची आहेत. त्यावर मोगल्सच्या उड्या आणि सरळ उड्या शिकवता येतात. तिहेरी सॉमरसॉल्टचे (हवेतल्या तीन कोलांट्यांचे), सुमारे ७० अंशांचे किकर, म्हणजे खेळाडूला हवेत उडवणारे वर वळलेले शेवटचे भाग, हे वेगळं काम आहे, आणि पहिल्या रॅम्पसाठी ते मनातही आणू नका. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण बजेट हातात आलं की सगळ्यांचं लक्ष उंचीकडे जातं: पैसे आधी किकरच्या गोलाईत, उतारावर अंथरलेल्या चटईच्या ओलीत आणि हवेच्या यंत्रणेत घाला. उंची नंतरही वाढवता येते. चुकलेली गोलाई मात्र पाडूनच दुरुस्त होते.

मापं

वरून खाली या क्रमाने:

– मुख्य उतार, म्हणजे इनरन: २५ अंश, लांबी २५ मीटर, उतरण सुमारे १०.६ मीटर.
– उतार आणि सपाटी जोडणारं खालचं वळण: त्रिज्या १५ मीटर, लांबी ६.५ मीटर.
– सपाट पट्टा, म्हणजे टेबल: ३ मीटर.
– किकर: त्रिज्या ८ मीटर, शेवटचा कोन ३० अंश, आणि टोकाला १.५ मीटर अगदी सरळ भाग.
– रुंदी सगळीकडे २.४ मीटर.

टेबल पाण्यापासून १ मीटर वर धरलं, तर किकरचं टोक (सगळे त्याला लिप म्हणतात) पाण्यापासून २.८ मीटरवर येतं आणि सुरुवातीचा मंच १३ मीटरवर. जमिनीवर एकूण लांबी ३७ ते ३८ मीटर. हे सगळं मोकळ्या मैदानात लोखंडी सांगाड्यावर उभारण्यापेक्षा टेकडीच्या कडेला बसवलं, तर निम्मा सांगाडा वाचतो. सांगाड्याचं आणि पायाचं गणित मात्र स्ट्रक्चरल इंजिनीअरकडूनच करून घ्या. वाऱ्याचा भार तर आहेच, शिवाय किकरच्या वळणात खेळाडू आपल्या वजनाच्या पावणेतीन पट दाब देतो, आणि तो भार जागेवर न थांबता धावत असतो, हे त्यांना आवर्जून सांगा.

ओल्या ब्रश-चटईवर (प्लास्टिकच्या ब्रशसारख्या केसांच्या चटईवर) घर्षणांक साधारण ०.१२ धरला, तर टेबलवर वेग ताशी ४२ किलोमीटरच्या आसपास येतो आणि लिपवर ३२. खेळाडू हवेत १.३ सेकंद राहतो आणि लिपपासून १० मीटरवर, उभ्या दिशेने ताशी सुमारे ३१ किलोमीटरच्या वेगाने पाण्यावर आदळतो. तलावाची लांबी, हवेच्या नळ्यांची जागा, बटण दाबण्याची वेळ, सगळं या आकड्यांवर ठरतं. म्हणून तुमच्या चटईचा घर्षणांक कागदावरून न घेता नमुन्यावर मोजा: ३ मीटरची ओली फळी, त्यावर वजन ठेवलेली स्की आणि स्प्रिंगचा काटा एवढं पुरतं.

किकर

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. वळणाची त्रिज्या कमी केली की किकर आखूड होतो, लाकूड वाचतं, आणि तिथेच घात होतो. ताशी ४२ किलोमीटरला ८ मीटरच्या त्रिज्येत पायांवर वजनाच्या २.७ पट भार येतो. तीच त्रिज्या ५ मीटर केली तर भार पावणेचार पटीवर जातो. नवशिक्याचे गुडघे मिटतात, छाती मांड्यांवर येते आणि तो लिपवरून गोळा होऊन बाहेर पडतो. सपाट जागेवर जो भार सहज पेलला असता, तोच वळणात पेलत नाही.

टोकाचा सरळ भाग दिसायला बिनकामाचा वाटतो, म्हणून घरगुती रॅम्पमध्ये तो हमखास गाळला जातो. पण लिपपर्यंत वळण चालू राहिलं, तर शरीर सेकंदाला सुमारे ६७ अंशांनी मागे फिरत असतानाच हवेत जातं. १.३ सेकंदांत हे जवळजवळ ९० अंश होतात. म्हणजे सरळ उडी मारायला निघालेला खेळाडू पाठीवर पडतो. आणि प्रशिक्षक त्याच्या हातांना दोष देत राहतात! शेवटचा दीड मीटर सरळ ठेवा, तिथे हे फिरणं थांबवायला पायांना वेळ मिळतो.

आकार काढायची पद्धत सोपी आहे. जमिनीवर ८ मीटरची न ताणणारी तार खिळ्याला बांधून फासळ्या, म्हणजे प्लायला खालून आकार देणाऱ्या उभ्या फळ्या, आखा. पडताळणीसाठी आकडे: वळण सुरू होतं तिथून आडव्या दिशेने १ मीटरवर उंची ६ सेंटिमीटर, २ मीटरवर २५, ३ मीटरवर ५८ आणि ४ मीटरवर १०७. तिथून ३० अंशांची सरळ रेघ, टोकाला उंची १८२ सेंटिमीटर. अशा ७ फासळ्या, एकमेकांपासून ४० सेंटिमीटरवर. त्यांवर ९ मिलिमीटरच्या मरीन प्लायचे (पाण्यात टिकणाऱ्या प्लायवुडचे) दोन थर वाकवून बसवा, आणि दोन्ही थरांचे सांधे एका ओळीत येऊ देऊ नका. १८ मिलिमीटरचं एकच प्लाय जबरदस्तीने वाकवलं, तर दोन-तीन महिन्यांत स्क्रू वर येतात.

प्लायचा हिशेब: २.४४ बाय १.२२ मीटरचे तक्ते आडवे टाकले की रुंदी बरोबर बसते. सरळ भागांना १८ मिलिमीटरचे २३, दोन्ही वळणं आणि टोक मिळून ९ मिलिमीटरचे २०, वर दहा टक्के जास्तीचे. स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच घ्या. काम झालं की लांब लवचीक पट्टी पृष्ठभागावर ठेवून हात फिरवा. सांध्यावर १ मिलिमीटरपेक्षा मोठी पायरी लागली तर पटाशीने उतरवा. टेबल आणि किकर मिळतात तिथला सांधा दोनदा तपासा, कारण तिथला धक्का सरळ गुडघ्यात जातो.

चटई आणि ओल

स्की-रॅम्पसाठी प्लास्टिकच्या ब्रश-चटया मिळतात. काही जण हिरवळीसारखं कृत्रिम गवत वापरतात. चालतं, पण ते लवकर झिजतं आणि वेग रोज बदलतो.

चटई दोन्ही टोकांना घट्ट ठोकू नका. प्लास्टिक उन्हात वाढतं. २५ मीटरच्या पट्ट्यात सकाळ-दुपारच्या ३० अंशांच्या फरकाला ११ सेंटिमीटरपर्यंत वाढ होऊ शकते, आणि ती जागा न मिळाल्यामुळे मधेच फुगवटा येतो. चटया तुकड्यांत घ्या, प्रत्येक तुकडा फक्त वरच्या कडेला बांधा आणि कौलांसारखी वरच्याची कड खालच्यावर चढवा. उलट चढवलीत तर स्कीचं टोक त्या कडेत घुसेल.

मग पाणी. दोन्ही बाजूंना दर २ मीटरवर फवारे, साधारण १०० चौरस मीटरला मिनिटाला १५० ते २०० लिटर, तलावातूनच उपसून आणि गाळून. फवाऱ्यांची भोकं कचऱ्याने बुजतात, आणि एक बुजलं की तिथे कोरडा पट्टा तयार होतो. एक स्की ओल्यात, एक कोरड्यात, म्हणजे खेळाडू वळणात आडवा होतो. पूर्ण चटई कोरडी राहिली तर हिशेबाने उडी १० मीटरऐवजी ३ मीटरचीच पडते. याच कारणाने लिपच्या खाली आणि मागे निदान १ मीटर पाणी हवं. पुढे ना फरशी, ना कठडा. साबणाचं पाणी टाकून वेग वाढवण्याच्या भानगडीत पडू नका. उडी साडेतेरा मीटरपर्यंत जाते, ती दर वेळी सारखीही नसते, आणि साबण तलावात उतरतो.

तलाव

२५ मीटर लांब, १२ रुंद, पडण्याच्या पट्ट्यात ४ मीटर खोल. पूर्ण खोलीने धरलं तर १२ लाख लिटर. पार्क सिटीतला तलाव साडेसात लाख गॅलनचा, म्हणजे सुमारे २८ लाख लिटरचा आहे, पण तिथे बरेच रॅम्प शेजारी-शेजारी आहेत.

बाहेर येण्यासाठी शिडी कामाची नाही, कारण पायात स्की असते. एका बाजूला १२ ते १५ अंशांचा, पाण्याखाली १ मीटरपर्यंत गेलेला चटईचा उतार करा. बंद तलावाला पीएच ७.२ ते ७.६ आणि मोकळं क्लोरीन लिटरला १ ते ३ मिलिग्रॅम. नैसर्गिक तळं किंवा जुनी दगडखाण घ्यायची असेल, तर आधी पाणबुड्याकडून तळ इंच-इंच तपासून घ्या. खाणीच्या पाण्यात सुळके, तारा, लोखंड काहीही निघतं आणि वरून काही दिसत नाही.

हवा

सपाट पाण्यावर स्की आडवी आपटली की फळीवर पडल्यासारखं लागतं. पाण्यात बुडबुडे भरले की त्याची घनता कमी होते, पाणी दाबलं जातं आणि शरीर थोडं जास्त खोल जाऊन हळू थांबतं. शिवाय फेसाळलेला पृष्ठभाग वरून स्पष्ट दिसतो, त्यामुळे पाणी किती दूर आहे ते खेळाडूला कळतं.

लिपपासून ६ ते १४ मीटर, ६ मीटर रुंद असा पट्टा घ्या. त्यात ६३ मिलिमीटरच्या एचडीपीई (टणक प्लास्टिकच्या) नळ्या दर अर्ध्या मीटरवर आडव्या, एकूण १७. प्रत्येकीला १५ सेंटिमीटरवर ३ मिलिमीटरचं भोक, तोंड खाली, म्हणजे नळीत शिरलेलं पाणी आणि गाळ हवेबरोबर बाहेर पडतो. हवा भरली की दर मीटरला ३ किलोपेक्षा जास्त उचल येते, म्हणून मीटरमागे ८ किलोचा काँक्रीटचा ठोकळा बांधा. कमी वजनात पहिल्याच दाबाला नळ्या वर तरंगून येतात.

पाण्यात दहा टक्के हवा हवी असेल तर सेकंदाला साधारण १.२ घनमीटर लागते. इतकी हवा थेट कॉम्प्रेसरमधून मिळत नाही, साठवावी लागते. १५०० लिटरची टाकी, ७ ते ८ बार (हवेच्या दाबाचं माप), सुरक्षा व्हॉल्व्हसह, आणि दीड मिनिटाने एक उडी धरली तर २२ किलोवॉटचा तेलविरहित कॉम्प्रेसर. साध्या कॉम्प्रेसरचं तेल पाण्यावर तवंग धरतं आणि चटईपर्यंत पोचतं.

सगळ्यात नाजूक आहे ती वेळ. सुटल्यापासून पाण्यापर्यंत सुमारे ६.७ सेकंद लागतात आणि ४ मीटर खालून बुडबुडे वर यायला ३ ते ४. उडीच्या क्षणी बटण दाबलं तर खेळाडू पडून गेल्यावर फेस येतो. तो उताराच्या मध्यावर असतानाच बटण दाबायचं, आणि व्हॉल्व्ह ४ सेकंदांनी आपोआप बंद व्हायला हवा. हवा चालूच राहिली तर तरंगण्याचं बळ कमी होतं, आणि बूट-स्कीसकट माणूस खाली ओढला जातो.

पहिल्या उड्या

हेल्मेट, लाइफ जॅकेट, वेटसूट आणि माउथगार्ड यांशिवाय कुणी वर चढायचं नाही. स्की जुन्या आणि आखूड वापरा. पाणी आणि ब्रश दोन्ही त्यांना खातात. जिन्याच्या पायऱ्या ३० सेंटिमीटरपेक्षा खोल आणि खरखरीत हव्यात, कारण लोक स्की-बुटात चढतात. दोन्ही बाजूंना कठडा.

उतारावर दर २ मीटरला सुरुवातीची खूण रंगवा. सगळ्यात खालच्या खुणेपासून, फक्त सरळ उडी, एका अनुभवी खेळाडूकडून. टेबलवर रडार गनने वेग घ्या आणि वहीत खूण, वेग, पडण्याचं अंतर, वारा आणि तापमान लिहा. अंतर हिशेबापेक्षा दीड मीटरने कमी-जास्त असेल तर वर सरकू नका, आधी फवारे तपासा. वारा सेकंदाला ५ मीटरच्या वर गेला की थांबा. हिरवा दिवा लागण्यापूर्वी चार गोष्टी: तलाव रिकामा, टाकी ७ बार, चटई पूर्ण ओली, वारा मर्यादेत. हा दिवा टाकीच्या दाबाशी तारेने जोडून ठेवा, म्हणजे घाईत कुणी हवेविना सोडणार नाही.

रोज सकाळी चटईवरून अनवाणी एकदा चालून या. सैल स्क्रू आणि वर आलेली कड डोळ्यांआधी तळव्याला कळते. महिन्याला एकदा नळ्यांवर हवा सोडून फेस सारखा येतो का ते किनाऱ्यावरून पाहा. जिथे पाणी शांत राहतं तिथली भोकं बुजली आहेत. थंडीत गोठणाऱ्या गावात हंगाम संपला की फवाऱ्यांच्या सगळ्या नळ्या हवेने फुंकून रिकाम्या करा, नाहीतर वसंतात नळ्यांचा प्रत्येक कोपर, म्हणजे वळणाचा जोड, फुटलेला सापडेल.