रेडिओलॅरियाची नवी जीवाश्म प्रजाती: खान्देशात बसून वर्णन कसे करावे

तापीकाठच्या काळ्या कातळात शोधाशोध करू नका. तो गोठलेला लाव्हा, रेडिओलॅरिया म्हणजे समुद्रातले, सिलिकाचा सांगाडा असलेले एकपेशी सूक्ष्मजीव. जळगाव-धुळ्यात काम करायचे तर चर्ट (त्यांचे सांगाडे असलेला कठीण सिलिकामय खडक) अंदमानसारख्या ठिकाणाहून आणावा लागतो.

चर्टचे सुपारीएवढे तुकडे प्लास्टिकच्या भांड्यात 2 ते 5 टक्के हायड्रोफ्लोरिक आम्लात सुमारे 24 तास ठेवा. गाळ 63 मायक्रॉनच्या चाळणीवर धुवा आणि उरलेल्या तुकड्यांवर तेच पुन्हा करा. आम्ल तीव्र केले की सांगाडेही विरघळतात, कारण तेही सिलिकाचेच. काचेचे भांडे चालत नाही. फ्यूम हूड (विषारी वाफा खेचून घेणारे कपाट), हातमोजे आणि या आम्लाच्या इजेवर लावायचे कॅल्शियम ग्लुकोनेट जेल नसेल तर हे काम करूच नका. सौम्य आम्लाची इजा तासन्‌तास कळतही नाही.

खरी फसगत पुढे. आम्लाने झिजलेला काटा ‘नवे लक्षण’ वाटतो. म्हणून एकाच नगावर विसंबू नका. शक्यतो 10-15 नमुन्यांचा कवचाचा व्यास, छिद्रांची मांडणी, काट्यांची लांबी मोजा, कमाल-किमान दोन्ही द्या. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक पृष्ठभाग दाखवतो. आतली कवचे पाहायला प्रकाश सूक्ष्मदर्शकच हवा.

मग जवळच्या प्रजातींशी फरक लिहा. एक होलोटाइप (नव्या नावाचा आधार ठरणारा नमुना) स्पष्ट नेमा, तो कुठे जमा केला तेही सांगा. शोधनिबंध फक्त ऑनलाइन असेल तर झूबँक (प्राण्यांच्या शास्त्रीय नावांची अधिकृत ऑनलाइन नोंदवही) नोंदणी आधी करा, क्रमांक निबंधातच छापा.

नावाला ‘खान्देशेन्सिस’ जोडायचा मोह होईल. नामकरणाचा नियम अडवत नाही, पण दगड अंदमानचा असेल तर वाचणारा फसेल.