कोळंबीचा काळा धागा आणि वहीतले दोन रकाने: या चुका टाळा

दहावीची मुलं ‘पृष्ठवंशीय (पाठीचा कणा असलेले, आपल्यासारखे) आणि संधिपाद (सांध्यांचे पाय असलेले; कोळंबी, खेकडा, झुरळ)’ यांतला फरक लिहायला बसली, की आधी पट्टीने दोन रकाने आखतात. रकाने सरळ येतात, आतला मजकूर तिरका जातो. मी पुण्यात कोथरूडला घरी शिकवण्या घेते. वह्या बदलतात, चुका त्याच.

सगळ्यात गोड चूक स्वयंपाकघरातून येते. गणेश पेठेतल्या मासळी बाजारातून कोळंबी आणली, की आई पाठीला चीर देऊन काळा धागा ओढून काढते. ‘बाई, तो तिचा मज्जारज्जू ना?’ नाही रे बाबा, ते आतडं. चेतारज्जू बघायचा तर कोळंबी उताणी कर. पोटाच्या बाजूने, पायांच्या मधोमध जाते ती पांढरट दोरी. आपला रज्जू पाठीकडे आणि आतून पोकळ, तिचा पोटाकडे आणि भरीव. हृदयाचं बरोबर उलटं: आपलं पुढच्या बाजूला, तिचं पाठीलगत. १८२२ मध्ये फ्रान्सच्या एतिएन जोफ्रुआ सँ-तिलेर यांनी शेवंड उताणी ठेवून हेच मांडलं, की ती उलटी केली तर आतली रचना आपल्यासारखीच लागते. पुढे जनुकांच्या अभ्यासातून याला दुजोराही मिळाला.

दुसरी चूक कातीची. ‘साप आणि खेकडा दोघेही कात टाकतात, म्हणून दोघांना बाह्यकंकाल’, म्हणजे अंगाबाहेरचा सांगाडा. साप फक्त कातडीचा वरचा मेलेला थर टाकतो, तो केराटिनचा, म्हणजे आपली नखं ज्याची असतात त्याचा. हाडं आत वाढतच असतात. खेकडा कायटिन नावाच्या चिवट पदार्थाचं सगळं कवच टाकतो, डोळ्यांवरचं आवरण आणि जठराचं आतलं अस्तरसुद्धा. मग पाणी पिऊन फुगतो आणि नवं कवच कडक होईपर्यंत लपून बसतो. वाढ काय ती तेवढ्यातच.

कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात कासव पाहून आलेला मुलगा हमखास ‘बाह्यकंकाल’ लिहितो. अरे, ती पाठ म्हणजे त्याच्या फासळ्या आणि कणाच, एकजीव झालेला. कासव त्यातून बाहेर पडूच शकत नाही.

‘झुरळाला रक्त नसतं’ हेही खोडा. असतं, लाल नसतं, कारण ऑक्सिजन पोचवायचं काम त्याच्याकडे नाही. हवा अंगाच्या कडेच्या छिद्रांतून नळ्यांवाटे थेट आत जाते. खेकड्याच्या रक्तात मात्र तांबं असतं, म्हणून ते निळसर.

आणि ‘पृष्ठवंशीयांना सांधे नसतात’ असं लिहिणाऱ्याला मी उठाबशा काढायला लावते. पाचव्या उठाबशीला तो स्वतःच रकाना दुरुस्त करतो.