स्पेक्ट्रमच्या दुर्मीळ कॅसेट ऑनलाइन कशा शोधायच्या

१९८२ साली आलेल्या झेडएक्स स्पेक्ट्रम या घरगुती कॉम्प्युटरचे बहुतेक गेम कॅसेटवर निघाले आणि आजही त्या मुख्यतः ब्रिटनमध्येच विकायला निघतात. तेव्हा ई-बेची ब्रिटनची साइट उघडा.

गेमच्या नावाने शोधलं की बाकीचे गिऱ्हाईकही तिथेच भेटतात. त्यापेक्षा ‘जॉब लॉट’ शोधा, म्हणजे पाच-पन्नास कॅसेटचा एकगठ्ठा. विकणाऱ्याने नावं लिहिलेली नसतात. फोटो मोठा करून डब्यांच्या कडा एकेक वाचायच्या. विकणाऱ्याची चूक धरून स्पेक्ट्रमच्या स्पेलिंगमधला ‘आर’ गाळूनही शोधून बघा. भावाचा अंदाज ‘सोल्ड आयटम्स’चा फिल्टर लावूनच घ्या, मागितलेल्या किमतीला काय, कोणी काहीही मागतं!

एकच गेम आधी मूळ प्रकाशकाकडून, मग स्वस्त लेबलवर यायचा. दुर्मीळ बहुधा पहिली आवृत्ती. ‘स्पेक्ट्रम कम्प्युटिंग’ या साइटच्या सूचीतलं कव्हर आणि फोटो ताडून पाहा.

पैसे भरण्याआधी तीन फोटो मागा: कव्हर उलगडून, कॅसेटच्या दोन्ही बाजू आणि जिथून टेप दिसते ती खालची कड. तिथे स्प्रिंगवरची फेल्टची गादी हवी. जुना गोंद सुटून ती पडते, मग टेप हेडला नीट टेकत नाही. रिळावर पांढरी भुकटी दिसली तर बुरशी समजा. अशी कॅसेट साफ न करता लावली तर हेडही खराब होतं. सोबतचे कागदही विचारा. ‘जेट सेट विली’चं रंगीत कोडचं कार्ड नसेल तर गेम लोड होऊनही सुरू होत नाही.

कस्टम ड्यूटी टपालखर्च धरूनच लागते, म्हणून हिशेब आधी करा. आणि पार्सल एप्रिल-मेमध्ये मागवू नका. नागपूरच्या ४५ अंशांत बंद गाडीची भट्टी होते, प्लॅस्टिक वाकतं.

हाती आलेली कॅसेट आधी एकदा पूर्ण पुढे-मागे फिरवा. स्क्रीनवर ‘आर टेप लोडिंग एरर’ आला की लगेच कॅसेटला दोष देऊ नका. टेपरेकॉर्डरचा आवाज कमी-जास्त करा, हेड स्पिरिटने पुसा, मग हेडशेजारचा छोटा स्क्रू अगदी किंचित फिरवत आवाज सर्वांत तीक्ष्ण येईल तिथे थांबा. रेकॉर्डरचा बेल्ट सैल असेल तर वेग डगमगतो. तो नागपूरच्या बर्डीतल्या एखाद्या जुन्या टेपरेकॉर्डर-दुरुस्तीवाल्याकडून बदलून घ्या. एकदा नीट लोड झाली की लगेच तिच्या आवाजाची ४४,१०० हर्ट्झवर मोनो वेव्ह फाइल करून ठेवा.