ओसाड पडलेला चहाचा मळा बघायचा कसा

बंद पडलेल्या चहाच्या मळ्यात गेलं की सगळे पहिले साहेबाच्या बंगल्याकडे पळतात, फोटो काढतात, भुताची एखादी गोष्ट ऐकतात आणि परत फिरतात. बंगला शेवटी बघा हो, तो कुठल्याही हिल स्टेशनला सापडेल तसाच असतो. मळ्याची खरी हकीकत झुडपांच्या बुंध्यात आहे.

त्याआधी एक. मळा बंद पडला म्हणजे माणसं गेली असं नसतं. उत्तर बंगालमध्ये मालक निघून गेला, पगार थांबला तरी कामगार लाईनीतल्या, म्हणजे मळ्यातल्या कामगार वस्तीतल्या, घरांत राहतायत असे मळे आहेत. त्यामुळे आधी तिथे विचारा आणि मगच आत शिरा.

आता झुडूप. छाटून छाटून ते कमरेइतकं ठेवलेलं असतं, छाटणी थांबली की सुसाट वर जातं, चिनी जात असेल तर डोक्यावरून जाणारी दाट जाळी होते आणि आसामी असेल तर चक्क झाड, म्हणून लांबून बघितलं तर इथे चहा होता हे पटतच नाही. खाली बसा, पाला बाजूला करा. लागवडीचं झुडूप असेल तर जमिनीपासून थोड्याच उंचीवर जाडजूड, गाठाळ फाटे दिसतील, त्यावर छाटणीचे जुने वण, आणि त्या गाठींतून वर गेलेल्या साधारण एकाच जाडीच्या फांद्या. त्या शेवटच्या छाटणीनंतरच्या! बाजूला एकच बारीक सरळ खोड असलेलं रोप दिसलं तर ते बी पडून उगवलेलं, रांगा शोधताना ते धरू नका. हिवाळ्याच्या तोंडाला गेलात तर पांढरी फुलं आणि मधे पिवळ्या केसरांचा झुपका, ओळखायला एकदम सोपं.

मग शेजारशेजारच्या झुडपांची पानं ताडून बघा. एक फिकट, एक गडद, एक लांबट असं असेल तर लागवड बियांपासूनची, म्हणजे बहुतेक जुनी. सगळी एकसारखी असतील तर कलमांची, आणि भारतात आसामातल्या टोकलाई चहा संशोधन केंद्राने पहिली कलमी वाणं १९४९ मध्ये दिली, म्हणजे तो तुकडा त्यानंतरचाच.

फॅक्टरी ओळखायची खूण म्हणजे वरचे मजले खिडक्यांनी भरलेले, कारण पानं तिथे पसरून कोमेजू द्यायची असत. वर चढू नका, लाकडी तक्तपोशी कुजलेली असते. मशीनं खालीच मिळतात. त्यांच्यावरच्या बिडाच्या पाट्यांवर बनवणाऱ्याचं नाव आणि गाव वाचा: गेन्सबरोची मार्शल किंवा बेलफास्टच्या डेव्हिडसनचं सिरोको. पाटी उचकटून घरी आणणाऱ्यांना मात्र काय म्हणावं! मशीनं नाहीत आणि पायाचे बोल्ट तेवढे उरलेत, तर बहुतेक नंतर कुणीतरी सावकाश सगळं खोलून विकलंय.

बंद का पडला हे विचारताना एकच कारण धरून बसू नका. हिमाचलमधल्या कांगड्यात ४ एप्रिल १९०५ च्या भूकंपात फॅक्टऱ्या कोसळल्या आणि बरेच युरोपियन मालक मळे विकून गेले. अमेरिकेत साउथ कॅरोलायनात डॉ. चार्ल्स शेपर्डने १८८८ मध्ये पाइनहर्स्ट मळा लावला, १९१५ मध्ये तो वारला आणि मळा रानात गेला, पण झुडपं मेली नाहीत, १९६३ मध्ये लिप्टनने तीच वॅडमलॉ बेटावर नेऊन लावली. म्हणजे झुडूप जिवंत आहे यावरून मळा कालपरवा बंद झाला असं समजू नका.

कधीकधी मळ्यापेक्षा त्याच्या वाहतुकीच्या खुणा जास्त उरतात, किंवा उलट. मुन्नारला चहा आजही आहे, पण तिथली कुंडला व्हॅलीची छोटी रेल्वे १९२४ च्या पुरात गेली ती गेलीच. म्हणून डोंगरउतारावर कारण नसताना सपाट, हळूहळू चढत जाणारी वाट दिसली तर ती अशा जुन्या रुळांची असू शकते, तिच्यावरून पुढे चालत जा, टोकाला फॅक्टरी, वजनाची शेड किंवा रोपवेचा चौथरा निघू शकतो.

कागदांत पहिले जुने टोपोशीट, म्हणजे सर्वेक्षणाचा तपशीलवार नकाशा, आणि जिल्हा गॅझेटियर बघा, नकाशावर मळ्याचं नाव, बंगला, फॅक्टरी बऱ्याचदा वेगवेगळी दाखवलेली असतात. ते हातात घेऊन लाईनीतल्या म्हाताऱ्या माणसांशी बोला, "मळा कधी बंद झाला" असं विचारू नका, सालं कुणाच्या लक्षात राहत नाहीत, "शेवटचा पगार झाला तेव्हा तुमचा मोठा मुलगा केवढा होता" असं विचारा.