गाडीवर हाताने रेघा मारायला शिकताय? मग आधी ब्रश सांभाळायला शिका

बुलेटच्या टाकीवरची सोनेरी रेघ बघून आपल्यालाही जमेल असं वाटतं ना, मला पण वाटलेलं, आणि पहिल्याच रविवारी कळलं की हात थरथरतो ते सोडा, आपला ब्रशच चुकीचा आहे. कॉलेजच्या वॉटरकलरचा गोल ब्रश घेऊन बसलो होतो, वीतभर रेघ झाली की रंग संपायचा आणि जोड दिसायचा.

या कामाचा ब्रश वेगळाच असतो, त्याला स्वोर्ड स्ट्रायपर म्हणतात. दांडी आखूड आणि केस लांब, दीड-दोन इंच, तलवारीसारखे तिरके कापलेले. लांब केसात रंग जास्त मावतो म्हणून रेघ न तुटता लांब जाते, आणि टोक बारीक म्हणून रेघ बारीक. चांगले ब्रश खारीच्या केसांचे असतात, पण आता सिंथेटिकही येतात, शिकायला तेच घ्या, ऑनलाइन मिळतात. नंबर 00 चा एकच पुरे, अख्खा सेट नको. आणि कोणी मुंगसाच्या केसांचा ब्रश दाखवला तर हात जोडून निघा, 1972 च्या वन्यजीव कायद्याने तो विकायला बंदी आहे.

बाकीचं सगळं पुण्यात बोहरी आळीत एका फेरीत होतं: सिंथेटिक इनॅमलचे छोटे डबे, मिनरल टर्पेंटाइन, मास्किंग टेप, सुती चिंध्या. एनसी थिनर (नायट्रोसेल्युलोज रंग पातळ करायचं द्रावण) घेऊ नका, दुकानदार "सगळ्याला चालतं" म्हणाला तरी. टर्पेंटाइनने गाडीच्या पक्क्या रंगाला काही होत नाही, त्यामुळे ओली रेघ चुकली तर पुसायची आणि परत मारायची, एनसीने पुसलीत तर खालचा रंगही उचलून येईल. सरावासाठी स्वतःची गाडी नको हो, बुधवारी नाहीतर रविवारी जुन्या बाजारात जा, जुन्या चेतक स्कूटरचं एखादं साइड पॅनल मिळालं तर सोनं, गोलाई असते त्याला आणि खरी परीक्षा गोलाईवरच होते. पत्रा आधी टर्पेंटाइनने पुसून घ्या, पॉलिश किंवा तेल राहिलं तर रंग धरत नाही.

जुन्या मासिकाचं गुळगुळीत पान हाच पॅलेट. ब्रश रंगात बुडवून लगेच रेघ मारायची नाही, पानावर मागेपुढे, दोन्ही बाजूंनी ओढत राहायचं, रंग केसांच्या मधोमध मुरेपर्यंत. ओढताना अडकल्यासारखं वाटलं तर टर्पेंटाइनचा एक थेंब, रंग पळायला लागला तर दुसऱ्या कोऱ्या जागेवर थोडा काढून टाका. हे सगळ्यांना कंटाळवाणं वाटतं आणि रेघ इथेच बिघडते. टेप रेघेपासून बोटभर लांब लावा, नुसती दिशा कळायला. करंगळी पत्र्यावर टेकवा, केस जवळजवळ आडवे झोपवा, ब्रश स्वतःकडे ओढा, नजर ब्रशवर नको तर पुढे जिथे जायचंय तिथे.

आता धुणं. मी एकदा दमून ब्रश टर्पेंटाइनच्या बरणीत उभा ठेवून झोपलो, सकाळी टोक गळासारखं वाकलेलं, तो ब्रश गेला तो गेलाच. काम संपल्या संपल्या चिंधीत हलकेच दाबून रंग काढा, मग तीन वाट्यांत टर्पेंटाइन, पहिली घाण, दुसरी जरा बरी, तिसरी स्वच्छ. ब्रशचे केस धरणाऱ्या पत्र्याच्या पकडीजवळ बोटाने चेपत राहा, रंग तिथेच लपतो आणि वाळला की केस फाकतात. मग शिलाई मशीनचं तेल लावून बोटांनी तलवारीचा आकार द्या आणि काचेवर आडवा ठेवा. अळशीचं तेल चुकूनही नको, ते स्वतःच वाळून कडक होतं, शेवटी तो ऑइल पेंटचाच माल ना!

पुढच्या वेळी ते तेल टर्पेंटाइनने पूर्ण धुवायचं, नाहीतर रेघ मध्येच फाटते. आणि पावसाळ्यात पुण्यात इनॅमल वाळायला जीव खातं, तेव्हा पॅनल घरात ठेवा आणि घरच्यांना आधीच सांगा, माझ्या पहिल्या बऱ्या रेघेवर आईचा पदर उमटलाय.