पुण्या-मुंबईबाहेर गुंतवणुकीसाठी प्लॉट घेताय? या चुका टाळा

मुळशी, भोर, कर्जत, दापोली... शनिवार-रविवारी साइट दाखवायला गाड्या भरभरून जातात. नोकरदार माणूस आयुष्यभराची पुंजी घालून दोन-तीन गुंठे घेतो आणि पुढची कित्येक वर्षं तलाठी कार्यालय, तहसील, कोर्ट अशा फेऱ्या मारत राहतो. यातल्या बहुतेक प्रकरणांत अडचण कुणी लपवलेली नसते. ती कागदावर लिहिलेलीच असते, फक्त पैसे देण्याआधी कागद कुणी वाचत नाही.

सातबाऱ्यावर नाव दिसलं, की समाधान

सातबारा हा महसुली कागद आहे. त्यावरची नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरतात, एवढंच. मालकी ठरते खरेदीखत, वाटणीपत्र, वारसा यांवरून. म्हणून विक्रेत्याचं नाव पाहून उतारा घडी घालून ठेवू नका, ‘इतर हक्क’ हा रकाना शब्दन् शब्द वाचा. सोसायटीच्या कर्जाचा बोजा, कुळाचं (दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याचं) नाव, पुनर्वसनाचा किंवा वनखात्याचा शेरा, सगळं तिथे असतं. भूधारणा ‘भोगवटादार वर्ग २’ (विकण्यावर सरकारी बंधन असलेली जमीन) असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते का, हे विसार देण्याआधी कळलं पाहिजे.

मग फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरच्या बदलांच्या नोंदी, काढा. नावापुढे फेरफाराचा क्रमांक असतो. तो फेरफार, त्याच्या आधीचा, त्याच्याही आधीचा असं मागे जात राहा. जुन्या उताऱ्यांवर कंसात घातलेली नावं म्हणजे कमी केलेली नावं. ती कशाच्या आधारे कमी झाली? बहुतेकदा त्या बहिणी असतात. ‘बहिणींचं काही म्हणणं नाही’ हे विक्रेत्याचं वाक्य कोर्टात चालत नाही. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मापासून मुलाइतकाच हक्क आहे आणि वडील २००५ साली हयात होते की नव्हते याने फरक पडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर वाटप झालेलं नसेल, तर बहिणींचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र मागा, नाहीतर खरेदीखतावर त्यांच्या सह्या घ्या.

तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट (जमिनीच्या जुन्या व्यवहारांची तपासणी) स्वतःच्या वकिलाकडून घ्या, एजंटने सुचवलेल्या वकिलाकडून नको. जाहीर नोटीसही त्या तालुक्यात खरोखर वाचल्या जाणाऱ्या पेपरात द्या. गावात न येणाऱ्या पेपरातली नोटीस हरकत घेणाऱ्यापर्यंत पोचतच नाही.

‘दहा जण मिळून घेऊ’

सर्वांत जास्त लोक इथे अडकतात, म्हणून जरा सविस्तर. तुकडेबंदी कायद्यातलं प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे ज्याहून लहान तुकडा पाडून विकता येत नाही ते क्षेत्र, २०२३ पासून बहुतेक जिल्ह्यांत जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे आहे. दोन गुंठ्यांचं स्वतंत्र खरेदीखत होत नाही, म्हणून एजंट दहा जणांना एकत्र आणतो आणि २० गुंठ्यांचं एकच खत करतो. जमिनीवर फक्कीने रेघा मारून प्रत्येकाला ‘तुमचा प्लॉट’ दाखवतो. कुणी तारेचं कुंपण घालतं, कुणी आंब्याची कलमं लावतं.

पण सातबाऱ्यावर त्या रेघा नसतात. तिथे दहा नावं आणि एक सामाईक क्षेत्र असतं. कोपऱ्यातला प्लॉट तुमचा, याला सरकारदरबारी काहीच आधार नाही. विकायला गेलात की गिऱ्हाईक विचारतं, बाकीच्या नऊ जणांची संमती कुठे आहे? त्यातला एखादा वारला, की त्याचे वारस आले. बँक कर्ज देत नाही, बांधकामाला परवानगी मिळत नाही.

शिवाय जमीन शेतीची असेल तर घेणारा प्रत्येक जण शेतकरी हवा. कुळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. ‘शेतकरी दाखला आम्ही काढून देतो’ म्हणणाऱ्यापासून चार हात लांब राहा. असा व्यवहार बेकायदा ठरला तर जमीन सरकारजमा होऊ शकते. परदेशातल्या आपल्या मंडळींनीही लक्षात घ्यावं: अनिवासी भारतीयाला शेतजमीन किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. भावाच्या नावावर घेऊन ठेवणं हा त्यावरचा उपाय नव्हे.

‘एनए होणारच आहे’

जमीन एनए (बिनशेती, म्हणजे शेतीखेरीज वापरायला मोकळी) होईल तेव्हा घ्या. आज मागायचं ते जमीन बिनशेती झाल्याचा सरकारी कागद आणि मंजूर लेआउटचा शिक्क्याचा नकाशा. तुमचा प्लॉट नंबर त्या नकाशावर बोट ठेवून दाखवता आला पाहिजे. ग्रामपंचायतीचा ठराव म्हणजे बिनशेती परवानगी नव्हे. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त असेल आणि आठपेक्षा जास्त प्लॉट पाडून विकत असतील, तर सहसा महारेरा (रेरा कायद्याखालचं राज्याचं गृहनिर्माण नियामक प्राधिकरण) नोंदणी लागते. नोंदणी क्रमांक नुसता ब्रोशरवर पाहू नका, महारेराच्या साइटवर टाकून बघा.

पैसे आधी, कागद नंतर

रेरा कायद्यानुसार नोंदणीकृत करार होण्याआधी प्रवर्तकाला (प्रकल्प विकणाऱ्याला) १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. तो जास्त मागत असेल तर उठून या. नोटरी केलेलं साठेखत (पुढे विकण्याचा नुसता करार) आणि कुलमुखत्यारपत्र यांनी मालकी येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच सांगितलं आहे. आणि रोख रक्कम देऊच नका. खतात न आलेला पैसा व्यवहार मोडल्यावर परत मागता येणं फार कठीण असतं.

मोजणी आणि रस्ता

भूमी अभिलेख खात्याची हद्द कायम (सीमा ठरवणारी) मोजणी खरेदीआधी करून घ्या. आज वापरात असलेली वाट उद्या शेजारी बंद करू शकतो. रस्ता गाव नकाशावर किंवा मंजूर लेआउटमध्ये आहे का, नसेल तर खरेदीखतात त्याचा नोंदणीकृत हक्क लिहून घेतलाय का, हे पाहा.

आधीच अडकला असाल तर

नोंदणीकृत प्रकल्पाने कराराच्या तारखेला ताबा दिला नसेल, तर रेराच्या कलम १८ खाली व्याजासह परतावा मागता येतो. तक्रार महारेराकडे करायची. सामाईक सातबारा असेल तर सगळे सहधारक हयात आणि बोलते असतानाच एकत्र बसा. वाटप किंवा बिनशेतीसह लेआउट यांपैकी काय बसतं, ते वकील आणि नगररचनाकाराला विचारा. जुन्या गुंठेवारीसाठी (परवानगीशिवाय पाडून विकलेल्या लहान प्लॉटांसाठी) ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची प्रकरणं नियमित करण्याची तरतूद २०२१ मध्ये झाली आहे, शिवाय तुकडेबंदी मोडून झालेल्या जुन्या व्यवहारांसाठी २०२५ मध्येही शासनाने पाऊल उचललं. तुमचा गट त्यात बसतो का, हे तहसीलमध्ये लेखी विचारा. खरेदी झाली असेल तर ‘आपली चावडी’ या सरकारी पोर्टलवर तुमच्या गटाचा फेरफार निघालाय का, हे अधूनमधून पाहत राहा. हरकत नोटिशीच्या १५ दिवसांत घ्यायची असते. मंजूर झालेल्या फेरफारावर प्रांताधिकाऱ्यांकडे ६० दिवसांत अपील करता येतं, उशीर झाला तर विलंब माफीचा अर्ज सोबत जोडावा लागतो.