रातबेडकांच्या ओढ्यावर पहिला पावसाळा

कोयनेच्या जंगलातल्या एका ओढ्यावर पहिला आठवडा मी पाण्यातले दगड उलथण्यात घालवला. बेडकाची अंडी पाण्यातच सापडणार, हे शाळेपासून डोक्यात बसलेलं. एका रात्री पाय घसरला म्हणून झुडपाचा आधार घेतला, आणि हाताशेजारच्या पानाला अंडी चिकटलेली दिसली. खाली ओढा वाहत होता.

हा बेडूक म्हणजे 'बॉम्बे नाइट फ्रॉग', शास्त्रीय नाव निक्टिबॅट्रेकस हुमायुनी. १९५५ साली त्याचं वर्णन झालं आणि पक्षितज्ज्ञ हुमायून अब्दुलअलींचं नाव त्याला मिळालं. सुरकुतलेली कातडी आणि डोळ्याची शंकरपाळ्याच्या आकाराची बाहुली, एवढ्यावरून रातबेडकांचा हा गट ओळखायला शिका. अंडी फुटली की पिल्लं थेट खालच्या पाण्यात पडतात. काठावरची झुडपं तोडली तर पाणी वाहतंच राहतं, पण त्याची वीण थांबते. म्हणून मी आता आधी झाडोरा बघते, मग पाणी.

बहुतेक बेडकांत नर मादीला घट्ट कवटाळतो. हा मात्र तिच्या पाठीवर येऊन हात पानावर किंवा फांदीवर टेकतो, शुक्राणू पाठीवर सोडतो आणि निघून जातो. मादी अंडी घालते ती त्यानंतर! ही पद्धत २०१६ साली शोधनिबंधातून जगापुढे आली. या जातीत मादीही साद घालते, हेही त्यात आहे. असं काही दिसायला रात्रीच्या रात्री एका जागी बसावं लागतं.

ओढ्याचा पन्नासेक पावलांचा एकच तुकडा धरा आणि रोज तिथेच जा. काठावर पोचलात की टॉर्च बंद करून आधी किती बेडकांचे आवाज येतात ते मोजा. प्रकाश पडला की ते गप्प होतात. वेळ, पाऊस, पाण्याचं तापमान आणि अंडी पाण्यापासून किती उंचीवर आहेत, हे तिथल्या तिथे लिहा.

वनखात्याची लेखी परवानगी हवीच. एका ओढ्यावरून दुसऱ्यावर जाताना गमबूट धुऊन, निर्जंतुक करून, वाळवा. बेडकांना मारणारी कायट्रिड बुरशी सह्याद्रीतल्या बेडकांवरही आढळली आहे. डासांचं मलम लावलेल्या हाताने बेडकाला शिवू नका, कातडीतून ते आत जातं.

एकटं कधीच जाऊ नका. वर डोंगरात पाऊस कोसळत असला तरी खाली कळत नाही. पाणी एकाएकी गढूळ झालं, त्यात काटक्या वाहून यायला लागल्या, की वही आहे तिथे सोडून वर चढायचं.